नोकरी गेल्यावर सरकारकडून पैसे मिळतात का? (ईएसआय, बेकारी भत्ता आणि आपलं कोकण)

सुरंगी (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. कंपनीच्या रोलवर नाही, ठेकेदाराकडून. पाच वर्षं होत आली असतील. गेल्या महिन्यात ठेकेदाराने बऱ्याच जणांना एकदम सांगितलं, ऑर्डरी नाहीत, एक तारखेपासून येऊ नका. पत्र नाही, नोटीस नाही, सगळं फोनवर. पगार अठरा हजार, त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ कापला जायचा, स्लिपवर दिसतंय.

परवा वाडीत भजनाला जमले होते तिथे कुणीतरी म्हणालं की ईएसआयवाल्यांना नोकरी गेल्यावर तीन महिने अर्धा पगार मिळतो. भाऊ म्हणतो, ईएसआय म्हणजे दवाखाना, त्यात पैसे कुठले? ठेकेदाराला विचारलं तर म्हणे असलं काही नसतं, पीएफ काढ आणि गप बस.

तर पहिला प्रश्न: हे खरं आहे का? इथे कुणी स्वतः घेतलंय का?

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. बाबा आयुष्यभर आंब्याच्या बागांत फवारणीला आणि राखणीला गेले. मे संपला की पावसाळाभर लावणीचे दिवस सोडले तर हाताला काम नाही. ज्याची नोकरी त्यातल्या त्यात पक्की त्याला विमा, आणि ज्याचं काम दर वर्षी ठरल्यासारखं जातं त्याला काहीच नाही, हे मला उलटं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

शंकासूर (सोमवार, रात्री ९:३२)

काम नसताना सरकार पैसे देणार, मग काम असताना कोण जाणार? कोकणात आधीच गडी मिळत नाही.

मालवणी_मसालो (सोमवार, रात्री ९:४०)

शंकासुरानु, गडी गावणत नाय तो मुंबयक गेलो म्हणान. भत्तो गावता म्हणान घरात कोण बसलो तो माका दाखवा, मी तेका बघूक येतंय.

हिशोबनीस (सोमवार, रात्री १०:५५)

सुरंगीताई, खरं आहे. मी चिपळुणात तीन-चार आस्थापनांचे पगारपत्रक आणि ईएसआय-पीएफ बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला सुरू झाली, तेव्हा रोजच्या सरासरी पगाराच्या २५ टक्के मिळायचे. कोविडमध्ये, २०२० साली, ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. तुमच्या भावाचा पगार अठरा हजार, म्हणजे दिवसाचे सहाशे धरले तर तीनशे रुपये रोज, नव्वद दिवसांचे सत्तावीस हजार. नव्वद दिवस पूर्ण व्हायच्या आत दुसरी नोकरी लागली तर तोवरच्या दिवसांचे मिळतात.

अटी अशा. विमाधारक म्हणून किमान दोन वर्षं झालेली हवीत. वर्गणीचे कालावधी दोन असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी निदान एकात ७८ दिवसांची. गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयाने निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यात बसत नाही. नोकरी गेल्यापासून तीस दिवसांनी अर्ज करता येतो आणि २०२० पासून कामगार स्वतः करू शकतो, मालकाच्या सहीची वाट बघायला नको. आधी अर्ज मालकामार्फत जायचा, तिथेच निम्मे अर्ज मरायचे. योजनेला मुदत असते आणि सरकार ती वेळोवेळी वाढवत आलंय, तेव्हा अर्जाआधी चालू मुदत शाखा कार्यालयात विचारून घ्या.

ईएसआयमध्येच याहून जुना एक भत्ता आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा, १ एप्रिल २००५ पासून. कारखाना बंद पडला, कायद्याप्रमाणे कामगारकपात झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखण्याने ४० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर तो मिळतो. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के, आणि त्या काळात घरच्यांना दवाखानाही. रक्कम मोठी, पण तिथे "कपात झाली" हे कागदावर यावं लागतं.

हे सगळं पगारातून कापलेल्या पैशांवर चालतं. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे भावाचे महिना १३५ आणि ठेकेदाराचे ५८५. शंकासूर, सरकार खिरापत वाटत नाहीये, हप्ता भरलाय.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी घेतलंय. २०२० साली चिपळूणच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मालकांनी एप्रिलनंतर पगार थांबवला. पुण्याच्या चुलतभावाने योजनेची बातमी पाठवली म्हणून कळलं, नाहीतर कुठलं कळायला.

पैसे देण्याबद्दल कुणी नाही म्हटलं नाही. अडकलं ते नावात. ईएसआयच्या नोंदीत माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतंच पहिलं नाव आणि आडनाव. पोर्टल काही केल्या जुळवून घेईना. लग्न झालेल्या बायकांनी हे आधी बघा, नोकरी असतानाच बघा. नंतर दुरुस्तीला त्याच मालकाकडे जावं लागतं ज्याने तुम्हाला काढलंय.

दिवाळीच्या सुमारास पैसे खात्यात आले. चार महिन्यांचं घरभाडं देता आलं. तेव्हा मला ते फार मोठे वाटले. पुढच्या वर्षी २२ जुलैच्या पुरात त्याच घरात छातीपर्यंत पाणी आलं आणि पुन्हा काम गेलं. पण एकदा घेतलेलं, त्यामुळे दुसऱ्यांदा प्रश्नच नव्हता.

शंकासूर (मंगळवार, सकाळी ८:०५)

आयुष्यात एकदाच म्हणजे लग्नासारखं झालं.

मालवणी_मसालो (मंगळवार, सकाळी ८:११)

लग्नाचा नियम हल्ली शिथिल झालो हा. भत्त्याचो नाय.

दाभोळ_ते_देरा (मंगळवार, दुपारी १:१५)

दुबईतून लिहितोय. इकडे १ जानेवारी २०२३ पासून बेकारी विमा सक्तीचा केलाय, खासगी आणि सरकारी दोन्हीकडे, परदेशी माणसांनाही. मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम, त्याच्या वर १० दिरहम. नोकरी गेली तर आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ६० टक्के, एका वेळी तीन महिने. सलग बारा महिने हप्ता भरलेला हवा, आणि नोकरी गेल्यापासून तीस दिवसांत दावा टाकायचा. स्वतः राजीनामा दिला किंवा शिस्तभंगात काढलं तर नाही.

विमा काढला नाही तर ४०० दिरहम दंड. आमच्या खोलीतल्या एकाने पाच दिरहमचा कंटाळा केला आणि चारशे भरले. खोलीत अजून त्याला त्यावरून चिडवतात.

एक खोच मात्र आहे. मूळ पगार म्हणजे बेसिक. आपल्या लोकांचं बेसिक लहान आणि भत्ते मोठे दाखवलेले असतात, तेव्हा ६० टक्के ऐकायला बरे, हातात कमी. शिवाय देश सोडून घरी आलात की मिळत नाही. आपल्याकडचा माणूस नोकरी गेली की आधी विमानाचं तिकीट काढतो, कारण तिथे खोलीभाडं परवडत नाही. खाडीपट्ट्यातल्या ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.

नाना_न्यूजर्सी (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

धागा वाचून राहवलं नाही. मूळचा गुहागरचा, आता वीस-बावीस वर्षं इकडे.

अमेरिकेत ही व्यवस्था १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने देशभर आली, विस्कॉन्सिन राज्याने त्याआधी १९३२ मध्येच कायदा केला होता. ब्रिटनमध्ये तर १९११ पासून. अमेरिकेने महामंदीत रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांवरून धडा घेतला. चालवतं प्रत्येक राज्य आपापलं. माझ्या राज्यात पगाराच्या साधारण साठ टक्के, वर एक कमाल मर्यादा, आणि बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त २६ आठवडे. दर आठवड्याला कळवावं लागतं की मी काम करायला तयार आहे, शोधतोय, आणि या आठवड्यात इतके कमावले किंवा नाही कमावले. शंकासूर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. घरी पाय पसरून बसणाऱ्याला मिळत नाही. सबळ कारणाशिवाय स्वतः नोकरी सोडली तरी मिळत नाही.

कर भरतो मुख्यतः मालक. आणि ज्याच्याकडचे लोक जास्त दावे करतात त्याचा कराचा दर वाढतो. हेतू हा की उगाच माणसं काढू नयेत. त्याचा दुसरा परिणाम असा की काही मालक दाव्याला हरकत घेतात, "याला आम्ही काढलं नाही, तो गेला" असं लिहून देतात. कोविडमध्ये मार्च २०२० च्या कायद्याने आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे दिले, जुलैअखेरपर्यंत. शिवाय एरवी ज्यांना काहीच मिळत नाही त्या स्वयंरोजगारवाल्यांसाठी, टॅक्सीवाल्यांसाठी वेगळी सोय केली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर पगारपत्रकाबाहेरच्या माणसालाही देता येतं.

शंकासूर (मंगळवार, संध्याकाळी ७:०२)

डॉलर छापणाऱ्या देशाचं आम्हाला सांगू नका नाना. आणि एक विचारतो. तिकडे मालकाचा कर वाढतो म्हणून तो हरकत घेतो, ते समजलं. इथे ठेकेदाराच्या खिशातून एक रुपया जास्तीचा जात नाही, वर्गणी आधीच भरलेली. मग तो "असलं काही नसतं" का म्हणाला?

हिशोबनीस (मंगळवार, रात्री ९:३०)

शंकासूर, आज पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारलात.

दर महिन्याला ईएसआयची वर्गणी भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. यादीत "रजेवर", "नोकरी सोडली", "निवृत्त", "संप किंवा टाळेबंदी", "कामगारकपात", "काम नाही" असे पर्याय असतात. बहुतेक ठेकेदारांचा माणूस डोळे मिटून "नोकरी सोडली" टाकतो. तो पर्याय त्यांना सोयीचा. "कामगारकपात" टाकली की पुढचं सगळं अंगावर येतं. वर्षभर सलग काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या त्यात भरपाई कायम आहे. शिवाय कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची, अशीही तरतूद आहे.

म्हणजे सत्तावीस हजार ईएसआयने द्यायचे, ठेकेदाराने नाही. पण ते मागताना "मला काढलं" हे कागदावर आलं, तर त्याचे स्वतःचे पैसे लागतात. म्हणून फोनवर सांगायचं, पत्र द्यायचं नाही, पीएफ काढ म्हणायचं. आणि पीएफ हा काही मदतनिधी नाही. ते त्याचेच म्हातारपणाचे पैसे.

गोडी_किनारा (मंगळवार, रात्री ९:४८)

पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी विसरू नका. पाच वर्षं "होत आली" असताना काढलं, यातच सगळं आलं.

लालबागचा_जुना (बुधवार, सकाळी ६:५५)

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यात कोकणातले किती ते सांगायला नको, प्रत्येक वाडीतून माणूस होता. तेव्हा आजचा हा भत्ता नव्हता, आणि असता तरी संपवाल्याला कुणी दिला नसता.

तोवर आमची घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. संपात उलटं झालं. गावाहून तांदळाची गोणी, कुळीथ, सुकी मासळी एसटीच्या टपावरून परळला जायला लागली. आई म्हणायची, आजवर त्यांनी आपल्याला पोसलं, आता आपण त्यांना पोसायचं. पुढे बाबा गावी परत आले ते कायमचेच. तो संप कुणी रीतसर मागे घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बेकारीच्या काळात माणसाला गाव सांभाळतं, असं पुढारी भाषणात बोलतात. गाव म्हणजे कोण? आमची आई आणि दोन काकू. लावणीला दुसऱ्याच्या शेतात रोजावर जाऊन त्यांनी सांभाळलं.

सुरंगी (बुधवार, सकाळी ९:२०)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लालबागचा_जुना, तुमच्या आईचं वाचून आमची आजी आठवली.

हिशोबनीसकाका, भावाने पोर्टल उघडून बघितलं. गेल्या महिन्याच्या पुढे "नोकरी सोडली" असंच आहे. तुम्ही म्हणालात तस्सं. त्याने राजीनामा वगैरे काही लिहून दिलेला नाही. आता?

नाखवा_मिरकरवाडा (बुधवार, दुपारी ३:१०)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे तर सरकारच काम बंद करतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. बंदीला माझा विरोध नाही, त्या दिवसांत मासळी अंड्यावर असते आणि समुद्रही कुणाला सोडत नाही. पण बंदी कायद्याने आली तर पोटाची सोयही कायद्याने यायला हवी की नको?

एक योजना आहे. मच्छीमाराने हंगामात १५०० रुपये साठवायचे, केंद्र आणि राज्य मिळून ३००० घालतात, आणि ते ४५०० बंदी धरून मंदीच्या तीन महिन्यांत परत द्यायचे. महिन्याला दीड हजार. त्यातले पाचशे त्याचेच. शिवाय मच्छीमार सोसायटीचा सभासद हवा, कागद हवेत. माझ्या बोटीवर तांडेल (बोट चालवणारा) इथला, पण निम्मे खलाशी नेपाळचे. ते कुठल्या सोसायटीचे सभासद होणार?

मग व्हायचं काय, तर खलाशी मालकाकडून उचल घेतो आणि हंगामात वाट्यातून फेडतो. फेडता फेडता पुढचा जून येतो. मालक म्हणून मला हे सोयीचं आहे, माणूस दुसऱ्या बोटीवर जात नाही. खोटं कशाला बोलू?

मालवणी_मसालो (बुधवार, दुपारी ३:२५)

नाखवानु, बंदीत बांगडो एवढो महाग होता काय विमो गिऱ्हायकांक पण होयो.

आगोट (बुधवार, दुपारी ४:००)

मसालोभाऊ, त्यासाठीच मे महिन्यात सुकट, बोंबील, बांगडा वाळवून ठेवायचा. यंदा आमच्याकडे अवकाळीने ओट्यावरचं वाळवण दोनदा भिजलं. वासाने मांजरं सोडून कोणी फिरकेना.

आंबेवाला_पावस (बुधवार, रात्री ८:४५)

बागायतदाराची बाजूही ऐका. मी शेदीडशे झाडांचा धनी, कागदोपत्री मालक. मोहोर आला की फवारणी, मग राखण, मग काढणी, मे अखेरीस सगळं संपतं. माझ्याकडे कायम दहा माणसं नाहीत. ईएसआयचा जुना कायदा तसाही कारखाने, दुकानं, हॉटेलं अशा आस्थापनांचा होता, जिथे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथला. शेतीची बाग त्यात येत नव्हती. मी उद्या म्हटलं की गड्यांची वर्गणी भरतो, तर भरू कुठे? मला तरी खिडकी दिसत नाही.

आणि ज्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला त्या वर्षी मीच हात पसरून असतो.

सुरंगी (बुधवार, रात्री ९:०५)

दादा, तुमच्यावर रोख नाही. पण एक विचारते. तुमच्या कलमांचा फळपीक विमा आहे ना? अवकाळी पाऊस झाला, पारा चढला, वारा सुटला तर हवामान केंद्राच्या आकड्यावरून भरपाई येते. त्याच पावसाने बाबांचाही रोज बुडायचा. बागेचा विमा आहे, राखण्याचा नाही.

आंबेवाला_पावस (बुधवार, रात्री ९:३०)

भरपाई "येते" हा शब्द जपून वापरा ताई. केंद्र एका गावात, पाऊस दुसऱ्या गावात. पण मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही.

पीटी_भरणारा (गुरुवार, सकाळी १०:१५)

या चर्चेत रोजगार हमी कशी आली नाही अजून? देशात पहिल्यांदा कामाची हमी कायद्याने दिली ती महाराष्ट्राने. वि. स. पागे यांची कल्पना, सांगली जिल्ह्यात तासगावकडे १९६५ मध्ये प्रयोग, १९७७ चा कायदा. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. तुमच्या-माझ्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे जातात तो पीटी हाच. मला नोकरी लागून कितीतरी वर्षांनी हे कळलं, तोवर "कसलातरी कर" म्हणून शिव्या घालत होतो.

पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही लिहिलं होतं की मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, नंतर किमान निम्मा. सुरंगीताईंच्या बाबांना कायद्याने हे होतं. पण मागणीचा अर्ज लेखी द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची असते. ग्रामपंचायतीत पोच मागून बघा, तोंडं कशी होतात ती बघा.

आणखी गंमत ऐका. १९९० पासून रोजगार हमीतूनच फळबाग लागवडीला अनुदान मिळालं. कोकणातली कितीतरी आंबा-काजूची कलमं त्या पैशातून उभी आहेत. बेकारांसाठीच्या पैशातून बागा झाल्या आणि त्या बागांत वर्षातले पाच महिने काम.

शंकासूर (गुरुवार, सकाळी १०:४०)

आमच्याकडे धो धो पावसात रोहयोचं कुठलं काम काढणार? पाणी उपसायचं?

पीटी_भरणारा (गुरुवार, सकाळी १०:५२)

म्हणूनच भत्ता. काम काढता येत नसेल तर पैसे द्या, असा अर्थ आहे त्या कलमाचा.

गवंडीकाम_देवगड (गुरुवार, दुपारी १२:३०)

बांधकाम कामगार मंडळात नोंद करा, सांगतोय. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. एप्रिल २०२० ला नोंद असलेल्यांच्या खात्यावर दोन हजार आले होते, २०२१ ला दीड हजार. हे पैसे कुठले, तर बांधकाम खर्चावर जो एक टक्का उपकर घेतात त्यातले. थोडेच, पण आले. आमच्या गावात नोंद असलेले आणि नसलेले एकाच मचाणावर काम करत होते. नोंद नसलेल्याला शून्य.

वाशिष्ठीकाठ (गुरुवार, दुपारी १:००)

दाखल्यासाठी मधले लोक किती घेतात तेही लिहा की.

गवंडीकाम_देवगड (गुरुवार, दुपारी १:०४)

ते लिहिलं तर माझा दाखला कोण देणार?

नाना_न्यूजर्सी (गुरुवार, संध्याकाळी ६:१५)

नाखवासाहेब आणि आंबेवाले, एक कुतूहल. हंगामी कामगाराला बेकारी विम्यात घेणं सगळीकडेच अवघड गेलंय. विमा मुळात अनिश्चिततेचा असतो आणि जूनमध्ये काम जाणार हे तर जानेवारीतच माहीत असतं. विमा कंपनीचा माणूस म्हणेल, ही जोखीम नाही, हे वेळापत्रक आहे.

सुरंगी (गुरुवार, रात्री ८:२०)

नाना, मग त्याला विमा म्हणू नका, हंगामी वेतन म्हणा. नाव काहीही द्या. जून-जुलैत चूल पेटायला हवी एवढंच. वेळापत्रक माहीत आहे तर तरतूद उलट सोपी व्हायला हवी.

हिशोबनीस (गुरुवार, रात्री १०:१०)

मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर भावाची मुदत इथेच संपेल.

"नोकरी सोडली" अशी नोंद असली तरी अर्ज करा. योजनेत नाकारायची कारणं गैरवर्तन, निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती अशी आहेत. भावाने राजीनामा दिलेला नाही, तेव्हा तसं लेखी म्हणा: अमुक तारखेला काम नाही म्हणून थांबवलं. ठेकेदाराचा फोन आला त्याची नोंद, व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं असेल तर ते, सगळं जपून ठेवा. कारणाची दुरुस्ती करा म्हणून ठेकेदाराला ईमेल टाका आणि त्याची प्रत कारखान्यालाही. ईएसआय कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर होती, त्यामुळे कारखाना "आमचा संबंध नाही" असं सहज म्हणू शकत नाही.

ठेकेदाराने शेवटची तारीख पोर्टलवर भरलीय का तेही बघा. ती रिकामी असेल तर भाऊ कागदोपत्री अजून कामावरच आहे, आणि कामावरच्या माणसाला बेकारीची मदत मिळत नाही. बाकी आधार, बँक खातं आणि ईएसआयच्या नोंदीतलं नाव, तिन्ही अक्षरन् अक्षर जुळवा. वाशिष्ठीताईंनी सांगितलंच आहे.

दवाखान्याचं कार्ड लगेच फेकू नका. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या लाभासाठी असते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरसाठी. नोकरी गेली तरी तो कालावधी संपेपर्यंत उपचार मिळतात.

नोटीस, भरपाई आणि ग्रॅच्युइटीचं वेगळं. त्यासाठी कामगार कार्यालयात अर्ज. दहा-बारा जण एकत्र गेले तर बरं, एकटा गेला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी येऊन बसतो.

सुरंगी (शुक्रवार, दुपारी २:३०)

काका, शेवटची तारीख भरलेली आहे. अर्ज आज भरला. बाकीच्या पोरांना सांगितलं तर चौघे म्हणाले आम्हालाही भरून दे, दोघे म्हणाले नको, ठेकेदार पुन्हा कधी बोलावणार नाही. त्यातला एक आमचाच मावसभाऊ. त्याला काय सांगायचं कळत नाही, कारण ठेकेदार खरंच बोलावणार नाही.

गोडी_किनारा (शुक्रवार, दुपारी २:५०)

मावसभावाला म्हणावं, न मागताही बोलावलं नाही तर?

शंकासूर (शुक्रवार, दुपारी ३:०५)

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण अर्जाचं काय झालं ते इथे कळवा. माझा पुतण्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे.

मालवणी_मसालो (शुक्रवार, दुपारी ३:०९)

बघा, शंकासुराक पुतण्यो गावलो.

रत्नागिरी_डिलिव्हरी (शुक्रवार, रात्री ११:२०)

उशिरा आलो. मी दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो, ॲपवर. पावसात ऑर्डर कमी, गेल्या महिन्यात आयडीच बंद केली. मला यातलं काही लागू होतं का?

हिशोबनीस (शनिवार, सकाळी ८:००)

ईएसआयमधलं नाही. तुम्हाला कुणी कामगार म्हणून पगारपत्रकावर धरलेलं नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांसाठी निधी आहे, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यात भरायचे. त्यातून करायच्या योजनांत अपघात, अपंगत्व, आरोग्य, प्रसूती, म्हातारपण, पाळणाघर अशी नावं आहेत. असंघटितांच्या यादीतही आयुर्विमा, आरोग्य, म्हातारपण, शिक्षण आहे. काम गेल्यावर काय, हे दोन्हीकडे नाव घेऊन लिहिलेलं नाही. "इतर लाभ" म्हणून एक मोकळी जागा तेवढी आहे. सुरंगीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचंही कायद्यातलं उत्तर सध्या तेवढंच.

ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करून ठेवा. आणि आयडी का बंद केली ते कंपनीकडून लेखी मागा. यावर वेगळा धागा काढा, इथे लोट्याचं आधी मार्गी लागू दे.